जालन्याची भट्टी आणि हिंगोलीची वाट

पोलादनगरी म्हटले की जमशेदपूर, भिलाई, राउरकेला ही नावे डोळ्यांसमोर येतात. लोहखनिजाचे डोंगर, कोळशाच्या खाणी, बारमाही नदी आणि या साऱ्यांच्या आधारे सरकारने किंवा एखाद्या बलाढ्य उद्योगसमूहाने वसविलेले शहर, हे पोलादनगरीचे शाळेच्या पुस्तकातले चित्र. मराठवाड्यातील जालना या चित्रात कुठेच बसत नाही. येथे लोहखनिज नाही, कोळसा नाही आणि पाणी तर पाचवीला पुजल्यासारखे अपुरे. तरीही महाराष्ट्रातील घरे, पूल आणि धरणे ज्या सळयांवर उभी आहेत, त्यांतील फार मोठा हिस्सा याच शहरातील भट्ट्यांमधून बाहेर पडतो.

जालन्यापासून पूर्वेला काही तासांच्या अंतरावर हिंगोली आहे. निजामाच्या राजवटीत ही दोन्ही गावे एकाच साखळीतील लष्करी छावण्या होती. आज एक शहर पोलादाचे केंद्र म्हणून ओळखले जाते, तर दुसऱ्याचा जिल्हा राज्याच्या औद्योगिक धोरणात 'उद्योगविरहित जिल्हा' म्हणून नोंदला गेला आहे. ही तफावत कशामुळे निर्माण झाली आणि ती मिटविण्यासाठी हिंगोलीने जालन्याचाच रस्ता धरावा काय, हा प्रश्न आता महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर शोधताना पूर्व युरोपातील पोलादनगरांचा अनुभवही पाहावा लागतो. पोलादावर शहर उभे करणे म्हणजे काय आणि ते पोलाद निघून गेल्यावर मागे काय उरते, याचा धडा त्या शहरांइतका स्पष्टपणे क्वचितच कुणी गिरविला असेल.

छावणीपासून बाजारपेठेपर्यंत

'जालना सोने का पालना' ही म्हण पोलादाच्या कितीतरी आधीची आहे. कुंडलिका नदीच्या काठावरील हे गाव धान्य, कापूस आणि सराफी यांची पेठ म्हणून पूर्वापार नावाजलेले होते. १८०३ मध्ये ज्या असईच्या रणांगणावर मराठ्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले, ते आज जालना जिल्ह्यातच मोडते. त्यानंतर येथे इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी आली. हिंगोलीतही हैदराबाद कंटिन्जंटची अशीच छावणी होती. १९०३ मध्ये ही कंटिन्जंट हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली आणि या गावांचा लष्करी आधार सुटला.

येथून दोन्ही गावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास जालन्यावरून गेला. त्यामुळे कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगला आणि व्यापाराला थेट मुंबईची दिशा मिळाली. हिंगोली मात्र पूर्णा-अकोला या आडमार्गावर राहिली. जालन्याच्या मुख्य मार्गाचे रुंदीकरण १९९० च्या दशकात झाले, तर हिंगोलीच्या रुळांवर ब्रॉडगेजची गाडी धावण्यास २००८ साल उजाडावे लागले. रेल्वेने उद्योग आपोआप येत नाहीत हे खरे. परंतु जेथे जड माल स्वस्तात येऊ-जाऊ शकत नाही, तेथे तो बनविण्याचा विचारही कुणी करीत नाही.

दुसरा फरक भांडवलाचा. जालन्याच्या व्यापाऱ्यांकडे साठलेला पैसा केवळ सावकारीत आणि अडतीत अडकून पडला नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच 'महिको', स्थापन केली आणि संकरित बियाण्यांचा उद्योग या गावात रुजविला. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आडगावातील खासगी उद्योग देशव्यापी बाजारपेठ काबीज करू शकतो, हे जालन्याने सर्वप्रथम बियाण्यांच्या बाबतीत सिद्ध केले. पोलाद हा त्यानंतरचा अध्याय होय. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. हिंगोलीला परभणीपासून वेगळे होण्यास १ मे १९९९ पर्यंत थांबावे लागले.

नियंत्रण उठले, भट्टी पेटली

स्वातंत्र्यानंतर चार दशके पोलाद ही सरकारी नियंत्रणातील वस्तू होती. कारखान्यासाठी परवाना, मालासाठी कोटा आणि किमतीवर सरकारचा अंकुश अशी व्यवस्था होती. मालवाहतुकीच्या समानीकरणाच्या धोरणामुळे भिलाईचे पोलाद देशात कुठेही जवळपास सारख्याच भावाने मिळे. या काळात लहान गावांतील उद्योजकाला फारतर बाहेरून आणलेला लोखंडाचा तुकडा तापवून, लाटून त्याची सळई किंवा पट्टी करण्याचे काम करता येत असे. त्यालाच रि-रोलिंग म्हणतात.

जुलै १९९१ मध्ये पोलादावरील परवाना पद्धत संपुष्टात आली आणि जानेवारी १९९२ मध्ये किंमत व वितरणावरील नियंत्रणही उठले. देशभरातील छोट्या पोलाद उत्पादकांसाठी हा कलाटणीचा क्षण होता. आता केवळ लाटण्यापुरते थांबण्याचे कारण उरले नाही. भंगार आणून स्वतः वितळवावे, ओतावे, लाटावे आणि स्वतःच्या नावाने विकावे, हे शक्य झाले. रि-रोलिंगची परंपरा असलेल्या जालन्याने हा मार्ग धरला. औद्योगिक वसाहतीत विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या उभ्या राहिल्या आणि काही वर्षांतच भट्टीपासून सळईपर्यंतची संपूर्ण साखळी एका आवारात आली.

ही प्रक्रिया समजून घेतली की जालन्याचे अर्थकारणही समजते. इंडक्शन भट्टीत कोळसा जाळला जात नाही. तांब्याच्या वेटोळ्यातून वीजप्रवाह सोडून आतील धातूतच उष्णता निर्माण केली जाते. मोडीत निघालेली यंत्रे, जुन्या गाड्या, पाडलेल्या इमारतींतील लोखंड असे भंगार आणि त्याच्या जोडीला स्पंज आयर्न, म्हणजे खनिजातील प्राणवायू काढून घेतलेले सच्छिद्र लोखंड, त्यात घालतात. सुमारे सोळाशे अंश सेल्सिअसला वितळलेला रस साच्यांत ओतून त्याचे लांब चौकोनी ठोकळे, म्हणजे बिलेट, तयार होतात. ते तापलेले असतानाच रोलिंग मिलमध्ये गेले तर पुन्हा तापविण्याचे इंधन वाचते. शेवटी लालबुंद सळईवर पाण्याचा जोरदार मारा होतो. बाहेरचा थर कडक होतो, गाभा मात्र लवचिक राहतो. टीएमटी सळई म्हणतात ती हीच. भूकंपात इमारत एकदम कोसळण्याऐवजी वाकून तग धरावी, यासाठी हा गाभ्यातील लवचिकपणा मोलाचा असतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने होरपळलेल्या आणि २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात धक्के अनुभवलेल्या मराठवाड्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

या तंत्राच्या मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत. इंडक्शन भट्टी धातू वितळविते, परंतु त्यातील फॉस्फरस, गंधक यांसारखी अशुद्धता काढून टाकण्याची तिची क्षमता तोकडी असते. भंगार जसे, तसे पोलाद. त्यामुळे मालाची निवड, रासायनिक तपासणी आणि प्रामाणिकपणा यांवरच सळईची गुणवत्ता अवलंबून राहते. ग्राहकाला डोळ्यांनी दोन सळयांतील फरक कळत नाही. म्हणूनच भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि त्यामागील प्रत्यक्ष तपासणी ही येथे औपचारिकता मानता येत नाही. तिच्यावर घरात राहणाऱ्यांचे प्राण अवलंबून असतात.

विजेच्या युनिटवर बेतलेले अर्थकारण

खनिज आणि कोळसा नसताना हा उद्योग जालन्यातच का फोफावला, याचे उत्तर नकाशात आहे. सळई ही वजनदार आणि तुलनेने स्वस्त वस्तू असल्याने तिच्या किमतीत वाहतुकीचा वाटा मोठा असतो. जालन्याहून मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्र अशा चारही दिशांना ट्रक एका रात्रीत पोहोचतो. शिवाय भंगार हा असा कच्चा माल आहे, जो खाणीत सापडत नाही. तो शहरांत, बंदरांत आणि कारखान्यांच्या आवारांत साठतो आणि व्यापाऱ्यांच्या साखळीतून गोळा होतो. ज्या गावाला अडत आणि व्यापार पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्या गावाला ही साखळी जुळविणे जड गेले नाही. थोडक्यात, जालन्याची खरी खाण म्हणजे तेथील व्यापारी कौशल्य.

परंतु या उद्योगाचा प्राण विजेत आहे. भंगार आणि स्पंज आयर्नच्या प्रमाणानुसार एक टन पोलाद वितळविण्यासाठी साधारणपणे ६०० ते ७०० युनिट वीज लागते. याचा अर्थ असा की, वीजदरात युनिटमागे एक रुपयाचा फरक पडला तर टनामागे सहाशे-सातशे रुपयांचा फरक पडतो. दिवसाला ५०० टन माल वितळविणाऱ्या कारखान्यासाठी ही रक्कम रोज तीन ते साडेतीन लाख रुपये होते. सळईच्या धंद्यातील नफा टनामागे मोजला जातो आणि तो बेताचाच असतो. साहजिकच छत्तीसगडमध्ये वीज स्वस्त झाली की जालन्यात अस्वस्थता पसरते.

या पार्श्वभूमीवर जून २०१६ मध्ये राज्य सरकारने विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि अन्य मागास भागांतील उद्योगांना वीजदरात सवलत देण्याचा निर्णय घेतला. जालन्याच्या भट्ट्यांना त्याने मोठा दिलासा मिळाला. मात्र सवलतीचा मोठा हिस्सा मोजक्या वीजखाऊ उद्योगांच्या पदरात पडतो, अशी टीकाही त्यावर झाली. या टीकेत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. जो जास्त वीज वापरतो त्याला जास्त सवलत, हा अशा योजनेचा अंगभूत स्वभाव आहे. सवलत युनिटवर मोजली जाते, रोजगारावर नाही. करदात्याच्या पैशातून दिलेल्या प्रत्येक रुपयामागे किती कायमस्वरूपी नोकऱ्या निर्माण झाल्या, हा हिशेब त्यात येत नाही. तो वेगळा मागावा लागतो.

पायाभूत सुविधांच्या बाबतीतही आश्वासने आणि पूर्तता यांतील अंतर जालन्याने अनुभवले आहे. जवाहरलाल नेहरू बंदराच्या विद्यमाने उभारावयाच्या ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये मोठ्या समारंभाने झाली; परंतु त्यापुढील वाटचाल संथच राहिली. त्यामानाने समृद्धी महामार्ग प्रत्यक्षात आला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मोकळा झाला. २०२३ मध्ये जालन्याच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली. शहराचा दर्जा वाढला. परंतु दर्जा आणि जीवनमान यांची गाठ नेहमीच पडते असे नाही.

लखलखाटामागचा काळोख

८ मे २०२० ची पहाट जालन्याला विसरता येणार नाही. टाळेबंदीत काम थांबल्यानंतर जालन्यातील पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातील काही मजूर रुळांवरून चालत गावाकडे निघाले होते. भुसावळहून गाडी मिळेल, ही त्यांची आशा होती. बदनापूर-करमाड दरम्यान थकून रुळांवरच झोपलेल्या या मजुरांना मालगाडीने चिरडले. १६ जणांचा मृत्यू झाला. ते प्रामुख्याने शहडोल आणि उमरिया या आदिवासीबहुल जिल्ह्यांतील होते. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले.

त्या दिवशी एक प्रश्न मात्र पुरेसा विचारला गेला नाही. मराठवाड्यातील तरुण रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे आणि ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे जात असताना, मराठवाड्यातील भट्टीसमोर शेकडो कोसांवरून आलेले मजूर का असतात? त्याचे एक उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. भट्टीसमोरचे काम अतिशय तापदायक, धोक्याचे आणि बहुतांशी कंत्राटदारामार्फत मिळणारे. स्थानिक माणूस सणासुदीला, पेरणीला घरी जातो, तक्रार करतो, दुखापत झाली तर त्याचे नातेवाईक दारात उभे राहतात. परगावचा मजूर कारखान्याच्या आवारातच राहतो आणि त्याच्या मागे कुणी नसते. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्येच कायदा झाला होता. परंतु टाळेबंदीत हे मजूर किती आणि कोठे आहेत, याची धड नोंदही सरकारी यंत्रणेकडे नसल्याचे उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भट्टीत स्फोट होऊन अनेक कामगार होरपळले. भंगारात दडलेली बंद नळकांडी किंवा ओलावा उकळत्या रसात गेला की स्फोट होतो, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. भंगार निवडण्यावर किती माणसे आणि किती वेळ खर्च करायचा, हा अखेर पैशाचा निर्णय असतो आणि त्याची किंमत मात्र भट्टीसमोरचा माणूस मोजतो.

पाण्याचा प्रश्न असाच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. शहराला जायकवाडीच्या जलवाहिनीवर विसंबावे लागले. त्याच काळात निजामकालीन घाणेवाडी तलावातील गाळ काढण्यासाठी नागरिक आणि उद्योजक एकत्र आले, ही या शहराच्या जमेची बाजू. परंतु नागरिकांच्या घागरी आणि कारखान्यांचे टँकर एकाच स्रोतावर उभे राहतात, तेव्हा पाण्याचे वाटप हा केवळ अभियांत्रिकीचा विषय उरत नाही.

आणि तिसरा प्रश्न हिशेबाचा. भंगाराचा व्यापार हा हजारो लहान विक्रेत्यांपासून सुरू होतो. तो रोखीत चालतो आणि त्याच्या पावत्या विश्वासार्ह नसतात. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याने जालन्यातील पोलाद व्यावसायिकांवर छापे घातले, तेव्हा अधिकारी वऱ्हाडाच्या गाड्यांतून आल्याची चर्चा गावोगाव रंगली आणि मोठी रोकड व दागिने जप्त झाले. चर्चा गाड्यांची झाली. व्यवस्थेतील छिद्राची कमी झाली. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या भंगारावरील वस्तू व सेवा कर भरण्याची जबाबदारी खरेदीदारावर टाकण्यात आली. हे पाऊल योग्य दिशेने आहे. प्रामाणिकपणे कर भरणारा उत्पादक करचुकव्याशी भावात टिकू शकत नाही, ही या धंद्याची जुनी तक्रार होती.

पूर्व युरोपाचा धडा

जालन्याचे पोलाद बाजारपेठेतून उगवले. पूर्व युरोपातील पोलाद सत्तेच्या आज्ञेने उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोविएत प्रभावाखालील देशांनी अवजड उद्योग हाच समाजवादाचा पाया मानला. पोलंडमध्ये क्राकोव्ह या विद्यापीठांच्या आणि चर्चच्या शहराला लागून १९४९ मध्ये नोव्हा हुता, म्हणजे 'नवा पोलाद कारखाना' याच नावाचे शहर वसविण्यास सुरुवात झाली. १९५४ मध्ये लेनिनच्या नावाचा कारखाना सुरू झाला. खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले तेथे कामगार झाली; त्यांना घर, शाळा, दवाखाना सारे कारखान्याच्या आधारे मिळाले. रोमानियात डॅन्यूबच्या काठावरील गलात्स येथे १९६० च्या दशकात असाच अवाढव्य प्रकल्प उभा राहिला. चेकोस्लोव्हाकियातील ओस्त्रावा येथे तर १८२८ पासूनच लोखंडाची परंपरा होती. तेथे १९५१ मध्ये 'नवा कारखाना' आला.

या शहरांनी माणसांना स्थैर्य दिले, यात शंका नाही. परंतु तेथे खर्चाचा हिशेब कुणी विचारत नव्हते. १९८९ नंतर राजवटी कोसळल्या, हक्काची बाजारपेठ नाहीशी झाली आणि कारखान्यांची खरी किंमत उघडी पडली. त्याच वेळी या पोलादात एका भारतीय उद्योजकाने उडी घेतली. लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने २००१ मध्ये गलात्स, २००३ मध्ये ओस्त्रावा आणि त्यानंतर पोलंडमधील कारखाने घेतले. २००५ मध्ये युक्रेनमधील क्रिवी रीह येथील कारखान्यासाठी तर लिलावात ४८० कोटी डॉलरची बोली लागली. परंतु मालक बदलल्याने शहराचे भवितव्य सुरक्षित होत नाही. गलात्स आणि ओस्त्रावाचे कारखाने २०१९ मध्ये पुन्हा विकले गेले. ओस्त्रावाच्या कारखान्यावर २०२४ मध्ये दिवाळखोरीची वेळ आली. क्राकोव्हमधील झोतभट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला. जे कारखाने एका शहराचे सर्वस्व होते, ते दूरच्या मुख्यालयातील ताळेबंदातील एक ओळ होऊन गेले.

तरीही ओस्त्रावा मेले नाही. तेथील कोळशाच्या खाणी १९९४ मध्ये आणि व्हीटकोव्हित्से विभागातील झोतभट्ट्या १९९८ मध्ये थांबल्या. त्या जागी संग्रहालय, सभागृहे आणि संगीत महोत्सव आले. २००८ मध्ये जवळच नोशोवित्से येथे ह्युंदाई कंपनीचा मोटार कारखाना सुरू झाला. हे साधले, कारण पोलादाच्या वैभवाच्या काळातच त्या शहराकडे खाणकाम व अभियांत्रिकीचे शिक्षण देणारे विद्यापीठ आणि प्रशिक्षित कामगारवर्ग होता. धातू गेला, कौशल्य राहिले. नोव्हा हुताला क्राकोव्हच्या सेवाक्षेत्राने आधार दिला. ज्या शहरांपाशी पोलादाखेरीज दुसरे काहीच नव्हते, त्यांची अवस्था बिकट झाली.

गडचिरोलीचे आव्हान, हिंगोलीचा पर्याय

पूर्व युरोपाचा हा इतिहास महाराष्ट्रासाठी आज दूरचा राहिलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडच्या खाणीतील उत्खननाने २०२१ पासून वेग घेतला, कोनसरी येथे प्रकल्प उभा राहिला आणि २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू समूहाने त्या जिल्ह्यात वर्षाला अडीच कोटी टन क्षमतेचा पोलाद कारखाना उभारण्याची घोषणा केली. हा खनिजावर आधारलेला, अवाढव्य भांडवलाचा, एका उद्योगावर जिल्हा तोलणारा नमुना आहे. तो प्रत्यक्षात आला तर राज्यातील स्वस्त पोलादाचा उगम बदलेल. स्पंज आयर्न जवळून मिळाल्याने जालन्याचा फायदाही होऊ शकेल. परंतु मोठ्या कारखान्यांनी सळईच्याच बाजारात उतरायचे ठरविले, तर लहान भट्ट्यांना भावाच्या स्पर्धेत टिकणे कठीण जाईल.

जालन्याच्या हातात एक पत्ता मात्र आहे. खनिज आणि कोळशापासून एक टन पोलाद तयार करताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगार वितळविताना हे प्रमाण कितीतरी कमी असते आणि भट्टी सौर वा पवन विजेवर चालविली तर आणखी घटते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'हरित पोलादा'ची व्याख्या निश्चित केली. युरोपीय संघाने आयात मालावरील कार्बन शुल्काची अंमलबजावणी जानेवारी २०२६ पासून सुरू केली. जालन्याची सळई युरोपात जात नसली, तरी देशातील सरकारी बांधकामांत हरित पोलादाला प्राधान्य मिळू लागले, तर भंगार हा कमीपणाचा कच्चा माल न राहता भूषणाचा ठरेल. मात्र त्यासाठी वीजदराच्या सवलतीकडे डोळे लावून बसण्यापेक्षा स्वतःची अपारंपरिक वीज, काटेकोर तपासणी आणि कामगारांची सुरक्षितता यांत गुंतवणूक करावी लागेल.

आणि हिंगोली? 'आमच्याकडेही जालन्यासारखे कारखाने आणा' ही मागणी त्या जिल्ह्यात निवडणुकांच्या तोंडावर नेहमी ऐकू येते. ती समजण्याजोगी आहे. परंतु ती उसनी आहे. औंढा नागनाथजवळ उभारण्यात येणाऱ्या 'लायगो-इंडिया' या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या यंत्राला प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही हजारो पटींनी लहान हालचाल टिपायची आहे. त्याच्या परिसरात रोलिंग मिलचा दणदणाट चालणार नाही. ही जागा तिच्या शांततेसाठीच निवडली गेली. जी शांतता आजवर मागासलेपणाची खूण मानली गेली, तीच येथे भांडवल ठरली आहे. परंतु वेधशाळा हजारो हातांना काम देत नाही, हेही विसरून चालणार नाही.

ते काम देण्याची क्षमता हिंगोलीच्या मातीतच आहे. राज्यातील हळदीच्या उत्पादनात हा जिल्हा अग्रेसर आहे. वसमत येथे हळद संशोधन केंद्र मंजूर झाले आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही या हळदीचा बराच हिस्सा शिजवून, वाळवून पुढच्या प्रक्रियेसाठी आणि व्यापारासाठी सांगलीकडे जात आला. दळण, प्रतवारी, तेल आणि कुरक्युमिन काढणे, पॅकिंग, निर्यात या प्रत्येक टप्प्यावर वाढणारे मोल जिल्ह्याबाहेर जमा होते. जालन्याने भंगारातून सळई केली. हिंगोलीला आपल्या सोन्यासारख्या पिकातून भुकटीही पुरेशी करता आलेली नाही.

जालन्याकडून हिंगोलीने घ्यायचे ते हे. त्या शहराने सरकारने दिलेल्या कारखान्याची वाट पाहिली नाही. हाती असलेल्या व्यापाराला उद्योगाची जोड दिली. आणि एका हाती पोलाद असताना दुसऱ्या हातातील बियाणे सोडले नाही. ओस्त्रावाकडून घ्यायचे ते असे की, उद्योग येतात आणि जातात, पण तंत्रशिक्षण घेतलेली माणसे शहर वाचवितात. लायगोसारखी संस्था दारात येत असताना हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या तंत्रनिकेतनांत आणि महाविद्यालयांत सूक्ष्म यंत्रे, निर्वात तंत्रज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स यांचे शिक्षण सुरू झाले नाही, तर वेधशाळेत काम बाहेरच्यांचे आणि कुंपणाबाहेर चहाची टपरी आपली, अशीच वाटणी होईल.

आणि दोन्हींनी मिळून घ्यायचा धडा करमाडच्या रुळांवर लिहिला गेला आहे. जालन्याची सळई लाखो घरांच्या छतांत गाडली गेली आहे. ती ओतणाऱ्या हातांना मात्र टाळेबंदीच्या त्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. उद्योगनगरीचे मोजमाप टनांत आणि युनिटांत करण्याची सवय शासनाला आणि उद्योजकांना जडली आहे. भट्टीसमोर उभा असलेला माणूस त्या शहराचा नागरिक म्हणून मोजला जातो की नाही, हे मोजमाप अद्याप कुठल्याच औद्योगिक धोरणात आलेले नाही. ते येईपर्यंत जालना पोलाद बनविणारे गाव राहील. पोलादनगरी म्हणवून घेण्याचा अधिकार त्याला मिळवावा लागेल. उद्योगांच्या प्रतीक्षेत असलेल्या हिंगोलीला हा हिशेब आधीच मांडून ठेवण्याची संधी आहे. उशिरा निघालेल्याला मिळणारा हा एकमेव लाभ असतो. तो वाया घालवू नये.